पिणाऱ्या पात्राची बाजू आपण कधी सोडतो?

सांजवाचक

कथा-कादंबऱ्यांतला, नाटकांतला दारुडा आपल्याला इतका जवळचा का वाटतो, आणि काही वर्षांनी तेच पुस्तक हातात घेतलं की तोच माणूस नकोसा का होतो, यावर इथल्या वाचकांशी बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच मांडते. पात्र पितं म्हणून आपली सहानुभूती हलत नाही. लेखक आपल्याला कुठे नेऊन उभं करतो, गुत्त्यात की घरात, त्यावर ती हलते. आणि एकदा घरात उभं राहून ती गोष्ट वाचली की पुन्हा गुत्त्यात जाऊन बसणं फार अवघड होतं.

'एकच प्याला' घ्या. सुधाकर हुशार आहे, मानी आहे. कोर्टात खटका उडतो, वकिलीची सनद काही काळापुरती जाते, आणि त्या खचलेल्या अवस्थेत तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. पहिल्यांदा वाचताना आपण त्या अपमानाच्या बाजूने असतो. एवढ्या बुद्धीच्या माणसाचं असं व्हावं, याची हळहळ वाटते. शिवाय गडकऱ्यांनी त्याच्या तोंडी जी भाषा घातली आहे तिच्यापुढे कुणाचाही निभाव लागणं कठीण. दारूच्या पायऱ्या माणूस कसा उतरत जातो हे तो आपल्या मित्राला, रामलालला समजावून सांगतो तेव्हा ते इतकं अचूक आणि इतकं देखणं बोलणं आहे की बोलणारा स्वतः त्याच पायऱ्यांवर उभा आहे याचा क्षणभर विसर पडतो. मला वाटतं, पिणाऱ्या पात्राची खरी ताकद ही असते. त्याला बोलता येतं. दारू लेखकाला एक मोठी सोय करून देते: शुद्धीतला माणूस जे चारचौघांत बोलणार नाही ते या माणसाला बोलू देता येतं, तेही पानंच्या पानं.

त्याची बायको सिंधू मात्र दळते. तिच्या वाट्याला जातं आहे, पाळण्यातलं मूल आहे, आणि शेवटी नवऱ्याला वाचवण्यासाठी मरताना सांगितलेलं खोटं आहे. यावेळी वाचताना मला ते खोटं सहन झालं नाही. पुस्तक मिटून ठेवलं. तिनं तसं करू नये असं वाटलं म्हणून मिटलं नाही, ती तेच करणार हे कळत होतं. पण नाटकानं तिला दुसरं काही करायची जागाच ठेवली नव्हती, आणि तिच्या त्या त्यागातून पुन्हा एकदा सुधाकरची शोकांतिकाच मोठी होत होती. हिशेब तिनं चुकता केला आणि जमा त्याच्या खात्यावर झाली.

याच्या उलट 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६). दस्तयेव्स्कीच्या डोक्यात त्याआधी दारुड्यांवरच एक कादंबरी होती, तिच्यातला मार्मेलादोव इथे आला. गुत्त्यात तो रास्कोलनिकोवला गाठतो आणि बोलत सुटतो. नोकरी परत मिळाली होती, पगार घरी आणला होता, मग त्यातला उरलेला पैसा पेटीतून चोरून पाच दिवस प्यायलो, बायकोचे मोजेसुद्धा विकून प्यायलो. मुलीनं घरासाठी शरीर विकलं आणि तिच्याकडूनही मी प्यायला पैसे घेतले. हे ऐकताना घशाशी येतं, आणि तरी त्याची कीव येते. पण दस्तयेव्स्की आपल्याला गुत्त्यात बसू देत नाही. त्याच प्रकरणात तो रास्कोलनिकोवबरोबर आपल्याला त्या घरात नेतो. तिथे कातेरीना इवानोव्हना आहे, क्षयानं खोकणारी, भुकेली मुलं सांभाळणारी. ती त्याचे केस धरून त्याला खोलीत फरफटत नेते, आणि तो म्हणतो की यातही मला समाधान आहे. त्या एका वाक्यानं मघाच्या सगळ्या भाषणाचा रंग बदलतो. आपलं पाप मोठ्यानं सांगण्यात आणि त्याबद्दल मार खाण्यात त्याला सुख आहे, आणि त्या सुखाची किंमत ही बाई मोजते आहे. वीस-पंचवीस पानांत लेखकानं आपल्याला दोन्ही जागी उभं करून दाखवलं.

तुमची सहानुभूती कुठल्या पात्राबाबत अशी सरकली? आणि नेमकी कुठल्या पानावर?

रंगपट

फार महत्त्वाचा विषय काढलात. नाटकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

तुम्ही 'एकच प्याला' वाचलंत, म्हणून सुधाकर जिंकला. रंगमंचावर गणित वेगळं होतं. गंधर्व नाटक मंडळीनं ते १९१९ साली बडोद्याला पहिल्यांदा केलं. गडकरी त्याआधी जानेवारीतच गेले होते, त्यांना प्रयोग बघायलाच मिळाला नाही. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू. पदं वि. सी. गुर्जरांची. आता विचार करा, सुधाकरकडे भाषणं आहेत, सिंधूकडे पदं आहेत, आणि ती बालगंधर्वांच्या गळ्यातून येणार आहेत. 'कशि या त्यजू पदाला' सुरू झाल्यावर प्रेक्षक कुणाच्या बाजूला असेल हे सांगायला नको. छापील पुस्तकात पद म्हणजे चार ओळी, नजर त्यांच्यावरून पुढे निघून जाते. प्रयोगात तीच चार ओळींची जागा नाटकातली सगळ्यात मोठी जागा होते. त्यामुळे सिंधू गप्प आहे हे तुमचं वाचन संहितेपुरतं खरं, संगीत नाटकापुरतं नाही.

दुसरं, तळीराम. तळीराम आणि ते पिणाऱ्यांचं आर्य मदिरा मंडळ यांच्यावर प्रेक्षागृह खळखळून हसतं. डॉक्टर आणि वैद्य त्याच्या आजारपणावरून भांडतात तिथेही हसतं. तळीरामही दारूनंच मरतो. सुधाकर मेला की शोकांतिका, तळीराम मेला की हशा. दोघांच्या पोटात गेलेली दारू तीच. तळीराम त्याचा कारकून, सुधाकर वकील, म्हणून एकाचं व्यसन विनोदी आणि दुसऱ्याचं करुण? हे गडकऱ्यांपुरतं नाही, कुठल्याही भाषेतलं लेखन काढून बघा. सहानुभूती बऱ्याचदा पिणाऱ्याच्या पडण्याच्या उंचीवर ठरते. जो आधीच खाली आहे त्याच्या पडण्याकडे कुणी बघत नाही.

अवांतर, पण इथे लागू आहे: झिंगलेला माणूस रंगवताना नवा नट झोकांड्या खातो. जाणता नट सरळ चालायचा प्रयत्न करतो. प्यायलेला माणूस आपण प्यायलेलो नाही हे दाखवायला धडपडत असतो. खुर्ची नेमकी कुठे आहे याचा अंदाज घेऊन, तिच्या पाठीला हात लावून मगच बसतो. शब्द जरा जास्तच स्पष्ट उच्चारतो. ती धडपड दिसली की प्रेक्षक त्याचा होतो. झोकांडी दिसली की हसतो.

खिडकीतला वाचक

माझी एक साधी कसोटी आहे. पात्र शुद्धीत असताना काय करतं ते बघायचं.

'देवदास' (शरच्चंद्र, १९१७). देवदास म्हटलं की बाटली आठवते, आणि दारूनं एका कोवळ्या माणसाचा घास घेतला अशी आपली समजूत असते. पण पार्वतीच्या कपाळावर मासे पकडायच्या काठीनं तो वळ उठवतो तेव्हा तो प्यायलेला नसतो. बाटली अजून त्याच्या आयुष्यात आलेलीही नसते. ती मध्यरात्री स्वतः त्याच्या खोलीत येते, आणि हा आईवडिलांना विरोध करू शकत नाही, तेव्हाही तो शुद्धीतच असतो. नंतर तिला नाकारणारं जे पत्र लिहितो तेही शुद्धीत. म्हणजे पार्वतीवर झालेला प्रत्येक अन्याय दारूच्या आधीचा आहे. दारू नंतर येते आणि आधीचं सगळं पुसून टाकते. वाचकाच्या मनात फक्त पार्वतीच्या दाराशी येऊन मेलेला माणूस उरतो.

मला हे कळलं तेव्हा देवदासबद्दलची माया गेली असं नाही. पण ती दारुड्याबद्दलची माया राहिली नाही, एका भित्र्या मुलाबद्दलची झाली. तिचं वजन कमी झालं.

हार्डीच्या 'मेयर ऑफ कॅस्टरब्रिज'मध्ये (१८८६) याच्या बरोबर उलट आहे. हेन्चर्ड जत्रेत रम घातलेली खीर पितो आणि त्या नशेत बायको आणि तान्ही मुलगी एका खलाशाला ५ गिनींना विकतो. पहिल्याच प्रकरणात. यापेक्षा वाईट काय करणार एखादं पात्र? दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो शपथ घेतो: माझं वय २१, म्हणून पुढची २१ वर्षं दारूला शिवणार नाही. आणि पाळतो! आता दारू नाही, म्हणजे दोष द्यायला कुणी नाही. तरी तोच हेकटपणा, तोच मत्सर, तोच संताप. पुढे त्याच्याजवळ जी मुलगी असते ती त्याची नसून त्या खलाशाची असते, आणि तिला शोधत तो खरा बाप येतो तेव्हा 'ती मेली' असं हा धडधडीत खोटं सांगतो, तेही नशेत नसताना. आणि गंमत म्हणजे हे खोटं वाचताना मी त्याच्या बाजूने होतो. का, तर तोपर्यंत मला हा माणूस पूर्ण माहीत झाला होता. त्याला एकटं राहायची केवढी भीती आहे हे हार्डीनं दाखवलं होतं. बायको विकली तेव्हा मला त्याची घृणा वाटली, कारण तिथे मला फक्त रम दिसत होती, माणूस दिसत नव्हता.

अनुस्वार

मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे, आणि ही कसोटीही मला पटत नाही.

तुम्ही दोघेही पात्रांचा न्याय करताय. कुणाचा अन्याय आधीचा, कुणाचं खातं कुणी भरलं. प्रत्यक्ष आयुष्यात हे करायलाच हवं. तिथे मार खाणाऱ्याची बाजू घेणं एवढंच बरोबर असतं. पण कादंबरी ही एकमेव जागा आहे जिथे अशा माणसाच्या आत जाऊन बसता येतं आणि त्यानं कुणाचंही नुकसान होत नाही. तिथेही आपण घरच्यांची बाजू घेऊन दाराशी उभे राहिलो तर आत काय चाललं होतं ते कधीच कळणार नाही.

झोलाच्या 'लासोमुआर'चं (१८७७) उदाहरण देतो. कूपो हा छपरांचं काम करणारा कारागीर. त्याचा बाप प्यालेल्या अवस्थेत छपरावरून पडून मेला, म्हणून हा दारूपासून चार हात लांब राहणारा. जेरव्हेझशी लग्न होतं, मुलगी होते, दोघं काटकसर करून पैसे साठवतात. एक दिवस तो छपरावर असताना छोटी मुलगी खालून हाक मारते, तो वळतो आणि पडतो. बाप प्यायल्यामुळे पडला, हा शुद्धीत असून पडला. जेरव्हेझ त्याला इस्पितळात जाऊ देत नाही, घरी ठेवून साठवलेल्या पैशांतून त्याची सेवा करते. तो बरा होतो, पण त्या सक्तीच्या रिकामपणात त्याचा कामावरचा जीव उडालेला असतो. मग इकडे मित्राबरोबर एक ग्लास, तिकडे एक. माझं आव्हान आहे, तो दारुडा झाला ते पान दाखवा. सापडणार नाही. झोला कुठेही घंटा वाजवत नाही. आणि म्हणूनच आपण त्याला सोडतो ते पानही सापडत नाही. हेच त्या पुस्तकाचं मोठेपण आहे. सहानुभूती कुठल्या पानावर सरकली हे सांगता आलं तर लेखक कमी पडला असं मी म्हणेन.

उंबरठा

अनुस्वार, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही, आणि त्याचं कारण पुस्तकातलं नाही.

आमच्या घरात दारू होती. वडील प्यायचे. आता ते नाहीत, म्हणून लिहिते. ते पान सापडत नाही हे खरं आहे, पण ते फक्त पिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना सापडत नाही. घरातल्या माणसाला सापडतं. आईला तो दिवस माहीत होता. दाराची कडी वाजण्याच्या आवाजावरून आज काय होणार हे ओळखायला मी ज्या दिवसापासून लागले तो मलाही माहीत होता. चप्पल एकदम काढली की ठीक. एक काढून मध्येच थांबले की आम्ही भावंडं पुस्तकं आवरून आतल्या खोलीत. हे कादंबऱ्यांत का येत नाही याचं मला नेहमी वाईट वाटत आलंय. तिथे आरडाओरडा येतो, फुटलेले ग्लास येतात, पण वाट बघणं येत नाही. दारुड्याच्या घरातला सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्यात जातो.

आणखी एक गोष्ट सुटते. दुसऱ्या दिवशीची सकाळ. वडील त्या सकाळी जितके प्रेमळ असायचे तितके एरवी कधीच नसायचे. माझी वेणी घालायचे, हळू हातानं, केस ओढले जाणार नाहीत अशा बेतानं. ती माया खोटी नव्हती. म्हणूनच आम्ही त्यांच्यावर धड रागावूही शकलो नाही. लेखक एक तर राक्षस दाखवतात नाही तर देवमाणूस. एकाच हाताच्या या दोन गोष्टी आहेत हे फार थोड्यांना दाखवता आलं.

ॲन ब्राँटीनं 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'मध्ये (१८४८) जे केलं त्याला म्हणून मी मानते. तिथे रोजनिशी बायकोची आहे. हेलन लिहिते, हंटिंग्डन पितो. तो आपल्या लहान मुलालाही मित्रांसमोर वाइन प्यायला शिकवतो. हेलन काय करते? भाषण देत नाही. मुलाच्या वाइनमध्ये थोडं थोडं ओकारी आणणारं औषध घालते, त्याला त्या चवीचीच किळस बसावी म्हणून. आणि मग मुलाला घेऊन घर सोडते. १८४८ साली! हे वाचताना मी उठून उभी राहिले होते.

पण बघा, हेलनला वाचक काय म्हणतात? कोरडी. उपदेश करणारी. हंटिंग्डन निदान मजेदार तरी आहे. इथेच सांजवाचक यांचं म्हणणं मला सर्वात जास्त पटतं. पिणाऱ्याला सगळी चमकदार वाक्यं मिळतात, आणि शुद्धीत राहून घर चालवणारी बाई कंटाळवाणी ठरते. तिला विनोद सुचत नाहीत कारण तिला उद्याचा विचार करायचा असतो. रामलालसुद्धा असाच कंटाळवाणा वाटतो, नाही का?

शेवटचं पान

उंबरठा, मनापासून लिहिलंत. वेणीचं वाचून थांबले होते.

आतापर्यंतच्या चर्चेत बाईच्या पिण्याबद्दल कुणीच बोललं नाही. पुरुष पितो तेव्हा त्याला दुःख असतं. बाई पिते तेव्हा ती घसरलेली असते. जेरव्हेझच घ्या. शेवटी तीही पिते, आणि तिच्या पिण्यात कुणालाही काव्य सापडत नाही.

'सखाराम बाइंडर'मधली (१९७२) चंपा मला या सगळ्यांत वेगळी वाटते. सखारामच्या घरात राहायचं तर शरीर द्यावं लागणार. ती त्यासाठी दारू मागते. तिचं पिणं विसरण्यासाठी नाही, मन मोकळं करण्यासाठी नाही, भाषण करण्यासाठी तर नाहीच. पुढच्या तासाभरात जे होणार आहे ते सोसता यावं म्हणून ती भूल घेते. एवढं व्यवहारी, एवढं निरलंकार पिणं मराठीत मी दुसरं वाचलेलं नाही. दारूनं तिला जीभ दिलेली नाही. जीभ तिला आधीपासूनच आहे.

आणि बाजू सरकण्याबद्दल म्हणाल तर तेंडुलकरांनी या नाटकात प्रेक्षकाला कुठे टेकूच दिलं नाही. सुरुवातीला सखारामचा रोखठोकपणा आवडतो, लग्नाच्या ढोंगापेक्षा हा बरा असं वाटतं. मग तो चंपाच्या आधी घरात आणलेल्या लक्ष्मीला पट्ट्यानं मारतो, आपण लक्ष्मीकडे जातो. चंपा येते, आपण तिच्याकडे जातो. तिचा फौजदार नवरा दारू पिऊन तिच्या मागे येतो, ती त्याला बडवते, आणि लक्ष्मी त्याची शुश्रूषा करते. इथे पुन्हा लक्ष्मी मोठी वाटते. आणि मग तीच देवभोळी, मुंग्यांशी बोलणारी लक्ष्मी चंपाची चहाडी करते, आणि सखारामनं चंपाचा खून केल्यावर खड्डा खणायला पुढे होते. नाटकभर एक थेंबही न प्यायलेली ती. खिडकीतला वाचक, तुमची शुद्धीतली कसोटी लक्ष्मीला लावून बघा.

खिडकीतला वाचक

लावली. कसोटी टिकते. तिच्याबद्दलची माझी सहानुभूती त्या खड्ड्यापाशी संपते.

सांजवाचक

सगळ्यांचे आभार. काही मुद्द्यांवर बोलते.

रंगपट, पदांचं तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. पण मग आज ते नाटक बहुतेकांपर्यंत पुस्तक म्हणूनच पोचतं, याचा अर्थ सिंधूचा आवाजच गेला आणि सुधाकरचा तेवढा राहिला. हे जास्तच वाईट.

अनुस्वार, कादंबरी ही आत जाऊन बसायची जागा आहे हे मलाही मान्य. माझं भांडण इतकंच, की आत कुणाच्या? दारुड्याच्या आत जायला दार आयतं उघडं असतं, कारण तो स्वतःच बोलून ते उघडतो. गप्प बसलेल्या माणसाच्या आत शिरायला लेखकाला जास्त कष्ट पडतात. ते कष्ट घेतलेले दिसले नाहीत तर मी लेखकाला जाब विचारणार.

आणि या निमित्तानं भगीरथाची आठवण करून द्यायची आहे. 'एकच प्याला' म्हटल्यावर सुधाकर, सिंधू, तळीराम आठवतात. पण त्याच नाटकात दारू सोडणारा माणूसही आहे! प्रेमभंगानं प्यायला लागलेला, मदिरा मंडळात बसणारा भगीरथ रामलालमुळे त्यातून बाहेर पडतो आणि कामाला लागतो. सुधाकरला न जमलेली गोष्ट याला जमते. तरी गेल्या शंभर वर्षांत तो कुणाच्याही मनात राहिला नाही. हेन्चर्डचं बघा, २१ वर्षांच्या शपथेतली जवळजवळ १८ वर्षं हार्डी दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत संपवून टाकतो. पिणं लिहिता येतं, मरणं लिहिता येतं, पण न पिता काढलेला एक साधा मंगळवार लिहायला कुणी धजत नाही. हेन्चर्डची शपथ लिहिली आहे, ती संपल्यावरचं पिणं लिहिलं आहे. मला मधल्या एखाद्या वर्षातली एक संध्याकाळ हवी होती.

रंगपट

भगीरथाची भूमिका सहसा नवख्या नटाला देतात, त्यात 'करण्यासारखं काही नाही' म्हणून. खरं तर पेला समोर असताना हात मागे ठेवणं हे झोकांडीपेक्षा दसपट अवघड काम आहे.

अनुस्वार

मी सुधाकरला सोडणार नाही. त्याचं बोलणं देखणं आहे म्हणून नाही. आपण कुठे चाललोय हे पायरी-पायरीनं सांगता येत असूनही जो थांबू शकत नाही, त्याच्याइतका एकटा माणूस त्या नाटकात दुसरा नाही, सिंधूही नाही. पण उंबरठा यांनी लिहिलेली ती चप्पल आता मी विसरू शकणार नाही, आणि यापुढे असं पात्र घरी आलं की लेखकानं दाराच्या आतल्या बाजूला कुणाला उभं केलंय ते आधी बघेन.

उंबरठा

तेवढं बघितलंत तरी पुरे. आणि सुधाकरला सोडू नका. आम्हीही वडिलांना सोडलं नव्हतं.